आई-आप्पा पुन्हा दुबईला निघालेत. मॉलमध्ये चुकामूक होऊ नये म्हणून त्यांना काय शिकवू?

हरिपूररोड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "आई मॉलमध्ये चुकली होती" म्हटलं की समोरचा हसतो आणि विषय तिथंच संपतो.

माझा भाऊ दुबईला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी आई-आप्पा पहिल्यांदा त्याच्याकडे गेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे. दोघांचा जन्म सांगलीतच गेला. हरभट रोडच्या गर्दीतून, ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी, आई मला हाताला धरून कापड पेठेत न्यायची आणि परत आणायची. ती रस्ता विसरलीय असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिकडे एका संध्याकाळी भाऊ त्यांना मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेला. भाच्याला बूट घ्यायचे होते. आईला टॉयलेटला जायचं होतं. भाऊ म्हणाला, "या परफ्युमच्या दुकानापाशी आप्पा थांबतील, तू ये." टॉयलेटकडे जाणारा बोळ लांबलचक, आणि त्याला दोन तोंडं. आई आली त्याच्या उलट्या तोंडानं बाहेर पडली. बाहेर तशीच फरशी, तसेच दिवे, तशाच काचा. थोडं पुढं गेल्यावर तिनं एकाला दुकानाचं नाव विचारलं. त्यानं खाली बोट दाखवलं. ती सरकत्या जिन्यानं खाली उतरली, आणि खरंच तेच दुकान. तेच नाव, तीच सोनेरी पाटी. ती तिथं उभी राहिली. त्याच नावाची दोन दुकानं एकाच मॉलमध्ये असतील हे तिच्या मनात येणार तरी कसं? आप्पा वरच्या दुकानासमोर, आई खालच्या. चाळीस मिनिटं दोघंही अगदी सांगितल्या जागी उभे होते.

मग आप्पा शोधायला निघाले. आईनं मान वर केली तेव्हा तिला वरच्या मजल्याच्या कठड्याशी आप्पांची पांढरी टोपी दिसली. तिनं "अहो!" म्हणून हाक मारली. मध्ये कारंजं चालू होतं, हाक पोचली नाही. वर जायला बघते तर उतरलेल्या जागी फक्त उतरणारा जिना. चढणारा कुठं, तो शोधेपर्यंत टोपी गेली होती. फोनमध्ये नेट होतं, पण व्हॉट्सॲपवर कॉल लागेना. साधा फोन लावायला सिमवर रोमिंग नव्हतं. शेवटी सफाईकाम करणाऱ्या केरळच्या एका बाईंनी हिंदीत विचारपूस केली, स्वतःच्या फोनवरून भावाला कॉल लावून दिला आणि तो येईपर्यंत आईजवळ थांबल्या. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं, ही खंत आईला अजून आहे.

सगळं मिळून सव्वा तास. कुणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना नकाशावाचन शिकवलं, आणि मलाच दिशा कळेना." त्यानंतर उरलेले वीस दिवस ती बिल्डिंगच्या खाली उतरली नाही.

आता डिसेंबरात वहिनीचं बाळंतपण आहे. तीन महिने राहायचंय. आई आत्तापासून म्हणतेय, "मी घरातच बसेन, तुम्ही जा कुठं जायचं ते." मला ते बघवत नाही. ज्यांचे आई-वडील असे जाऊन आलेत, किंवा जे तिकडे राहतात, त्यांनी कृपया सांगा, जाण्याआधी आणि गेल्यावर नक्की काय करावं?

मिरजकर

ताई, तुमच्या आईंचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी त्यांना सांगा. माझ्या वडिलांचं सिंगापूरला असंच झालं. रेल्वेत पॉइंटमन म्हणून नोकरी केलेला माणूस, मिरज जंक्शनचा एकेक रूळ पाठ. तिथं मेट्रोतून वर आले ते थेट मॉलच्या पोटातच. रस्ता दिसलाच नाही, तर दिशा कशी कळणार? मजल्याचा घोटाळा मोठा असतो. आपण 'तळमजला' वेगळा मोजतो आणि त्याच्या वरच्याला 'पहिला' म्हणतो. सिंगापुरात रस्त्यालगतच्या मजल्यालाच एक नंबर असतो. बहिणीनं सांगितलं "पहिल्या मजल्यावर थांबा", वडील एक मजला चढून थांबले.

करामा_ते_कुपवाड

मी अकरा वर्षं दुबईत आहे, मूळचा कुपवाडचा. वाचून वाईट वाटलं, कारण दर थंडीत आमच्याकडे कुणाचे ना कुणाचे आई-वडील येतात आणि हाच प्रसंग थोड्याफार फरकानं होतो. कामाचं तेवढं लिहितो.

पहिलं फोनचं. यूएईमध्ये व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप जातो, पण कॉल लागत नाही. हे तुमच्या भावाला इतकं सवयीचं झालेलं असतं की सांगायचं त्याच्या लक्षातच येत नाही. गावाकडून आलेला माणूस मात्र घाबरल्यावर पहिल्यांदा तेच बटण दाबतो. त्यामुळे आल्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं स्थानिक सिम घेऊन द्या. एकाच फोनवर दोघांना सोडू नका, चुकामूक नेहमी त्या दोघांमध्येच होते. शिवाय भावाचा नंबर कागदावर दोन्ही प्रकारे लिहा, एकदा शून्य पाचनं सुरू होणारा स्थानिक आणि एकदा ९७१ हा तिथल्या देशाचा कोड लावून. आईंच्या भारतातल्या सिमवरून लावायचा झाला तर दुसरा लागतो, कुणा स्थानिकाच्या फोनवरून लावायचा झाला तर पहिला चालतो. पोलिसांचा नंबर ९९९, ॲम्ब्युलन्सचा ९९८, तेही त्याच कागदावर.

दुसरं पार्किंगचं. उदाहरण म्हणून दुबई मॉल घ्या, बहुतेकांना तिथंच नेतात. ४ नोव्हेंबर २००८ ला सुरू झाला. दुकानं १,२०० च्या वर, गाड्या लावायला १४,००० च्या आसपास जागा. आणि पार्किंग एक नाही. ग्रँड, फॅशन, सिनेमा अशी वेगवेगळी नावं आहेत, प्रत्येकाचे पुन्हा मजले, आणि खांबांवर अक्षर-आकडे. "गाडीपाशी भेटू" म्हणणं म्हणजे "पंढरपुरात भेटू" म्हणण्यासारखं आहे. गाडीतून उतरलं की दार लावायच्या आधी खांबाचा फोटो काढायचा. तो फोटो आई-आप्पांच्या फोनमध्येही गेला पाहिजे, फक्त मुलाच्या फोनमध्ये नको.

तिसरं, आतल्या खुणा. दुकान ही खूण धरू नका. दुकानं बदलतात, एका नावाची दोन-तीन असतात, आणि काचेमागं सगळी सारखीच दिसतात. जी गोष्ट उचलून नेता येत नाही ती धरा. दुबई मॉलमध्ये अशा तीन गोष्टी आहेत. एक मत्स्यालय. त्याची टाकी एक कोटी लिटरची आहे, आणि तिची भली मोठी काच तिकीट न काढता बाहेरूनच बघता येते. दुसरं बर्फाचं स्केटिंगचं मैदान, वरच्या मजल्यांवरूनही खाली वाकून दिसतं. तिसरा धबधबा. उंच भिंतीवरून पाणी पडतं आणि त्यात सूर मारणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत. तो मजल्यामजल्यांवरून दिसतो, म्हणून वयस्कर मंडळींना मी तोच सांगतो.

मेट्रोनं आलात तर रेड लाइनवर बुर्ज खलिफा/दुबई मॉल नावाचं स्टेशन आहे. तिथून मॉलपर्यंत बंद, थंड पूल आहे, आणि तो आठशे मीटरहून लांब आहे. मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो जड जातो. सांगलीहून आलेल्यांना वाटतं स्टेशन आलं म्हणजे मॉल आला. तसं नाही. आधी सांगून ठेवा, म्हणजे ते वाटेत दमून "आपण चुकलो की काय" असं समजणार नाहीत. मेट्रोत खाऊ-पिऊ नका, दंड आहे. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो. आई तिकडं आणि आप्पा इकडं चढले तर उतरायचं स्टेशन दोघांनाही पाठ हवं.

पेठेतला

मनापासून विचारतो, राग मानू नका. अशा ठिकाणी वयस्कर माणसांना न्यावंच कशाला? खरेदी करायची नाही, काही खायचं नाही, गुडघे दुखतात. त्यांना बागेत न्या, देवळात न्या, खाडीवर न्या.

हरिपूररोड

@पेठेतला, राग नाही. मीही भावाला हेच म्हणाले होते. तो म्हणाला, मार्च सरला की ऊन चढायला लागतं, पुढं पारा चाळिशीच्या वर जातो, मग बाहेर चालायची जागाच उरत नाही. तिथले लोक संध्याकाळी पाय मोकळे करायला मॉलमध्येच जातात. आई सांगलीत रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते, तिकडं तिला चालायचं तर तिथंच. आणि मला ती एखाद्या जागेला भिऊन घरात बसावी हे नकोच आहे.

@करामा_ते_कुपवाड, दादा, सगळं उतरवून घेतलं. व्हॉट्सॲप कॉलचं तर आम्हाला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आई समजत होती की तिनंच काहीतरी चुकीचं बटण दाबलं.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. मिरजकरांनी मजल्याचं लिहिलंय त्यात भर घालतो.

आमच्याकडे किल्ल्याच्या उतारावर अशी घरं आहेत की खालच्या गल्लीतून आलात तर ओसरीत शिरता, आणि वरच्या रस्त्यानं आलात तर थेट माडीवर. दोन्हीकडून आपण "रस्त्यावरून घरात" आलो असंच वाटतं. परदेशातल्या पुष्कळ मॉलमध्ये हेच असतं. एक दार खालच्या रस्त्यावर, एक पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर, एक मेट्रोच्या पुलावर. आत शिरलेला प्रत्येक जण समजतो की मी तळमजल्यावर आहे. सिंगापूरच्या व्हिवोसिटी मॉलमध्ये तर तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा बेटाची मोनोरेल सुटते. आगगाडी पकडायला खाली जायचं की वर, हे आधी माहीत नसेल तर माणूस खालीच जाणार.

पाट्यांवरची अक्षरं देशागणिक बदलतात. इंग्लंड आणि दुबईत 'जी' म्हणजे तळमजला, त्याच्या वरचा १. दुबई मॉलमध्ये 'जी'च्या खाली 'एलजी' आहे. अमेरिकेत आणि जपानमध्ये रस्त्यालगतचाच मजला १. जपानमध्ये खाली जाताना 'बी' लावून आकडा वाढतो. जर्मनीत तळमजल्याला 'ईजी' लिहितात, वरच्यांना 'ओजी', तळघराला 'यूजी'. निघण्याआधी आपण जातोय त्या देशाची अक्षरं तेवढी पाठ करून घ्यावीत.

आणि मजला तोंडानं म्हणायची सवय लावा. जिना चढला-उतरला की मोठ्यानं म्हणायचं, "आता जी", "आता एक". तुम्हा सांगलीकरांना पुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे जसं घराघरांत तोंडपाठ असतं, तसा मजला तोंडपाठ असायला हवा.

भडंगप्रेमी

आम्ही एक करतो. घरातून निघताना सगळ्यांचा एक फोटो काढतो, त्या दिवशीच्या कपड्यांसह. कुणी चुकलंच तर गार्डला "हिरवी साडी, निळा स्वेटर" सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं पडतं.

नकाशावाली

मी वास्तुरचनेचं शिकले आणि काही वर्षं पाट्या-नकाशे बसवण्याचं काम केलं, म्हणून थोडं आतलं लिहिते. काकूंना दिशा कळली नाही याचं कारण त्यांच्यात नाही. ते त्या इमारतीत आहे.

चारी बाजूंनी बंद, आत हवा सांभाळलेला असा आजच्या धर्तीचा पहिला मॉल १९५६ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या एडिना इथं सुरू झाला. नाव साउथडेल. तिकडचे हिवाळे कडाक्याचे, म्हणून सगळं छताखाली घेतलं. तो आखणारा व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याच्या मनात होता युरोपातल्या शहरांसारखा चौक, जिथं माणसं जमतील, बसतील, बोलतील. पुढं त्याच साच्यातून जी दुकानांची मोठमोठी संकुलं उभी राहिली ती पाहून तो स्वतःच त्यांच्यापासून दूर झाला. बाहेरचा उजेड नाही, घड्याळ नाही, चारी दिशांना समोर दुकानंच, अशा जागी माणूस कशाला आलो होतो ते विसरतो आणि नुसता फिरत राहतो. त्या अवस्थेला आमच्या धंद्यात त्याच्याच नावानं ओळखतात, गंमत म्हणजे त्याला ती अजिबात नको होती.

काकूंना चढणारा जिना सापडला नाही, तेही असंच. पुष्कळ ठिकाणी चढणारा आणि उतरणारा जिना मुद्दाम लांब लांब ठेवतात, म्हणजे वर जायला माणूस दुकानांसमोरून चालत जातो. म्हणून वयस्कर मंडळींना माझा सल्ला असा, की जिन्याच्या नादी लागू नका, लिफ्ट धरा. लिफ्ट वरपासून खालपर्यंत एकाच जागी असते. एका लिफ्टनं वर गेलात आणि त्याच लिफ्टनं खाली आलात तर पायाखालची जागा बदलत नाही.

फोनवरच्या नकाशाचं सांगते. जीपीएसला वर आकाश लागतं. छताखाली तो अंदाजानं ठिपका दाखवतो, आणि आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे त्याला नीट कळत नाही. काही मोठ्या मॉलचा आतला नकाशा गुगल मॅप्सवर असतो, बाजूला मजल्यांचे आकडे येतात. पण आकडा आपल्यालाच निवडावा लागतो. म्हणजे मजला माहीत हवाच.

मॉलमध्ये उभे नकाशे असतात, 'तुम्ही इथे आहात' असा ठिपका असलेले. ते वाचताना लोक का गोंधळतात? नकाशाची वरची बाजू म्हणजे तुमच्या समोरची बाजू, अशी तो नकाशा लावलेला असला तर डोकं चटकन चालतं. तो उलटा लावलेला असला तर डावं उजवं होतं आणि चांगला शिकलेला माणूसही चुकीकडे वळतो. त्यावर साधा उपाय. नकाशाचा फोटो काढा. ठिपक्याजवळची एक मोठी गोष्ट शोधा आणि ती नकाशात आहे त्या बाजूला प्रत्यक्षातही येईपर्यंत फोन हातात आडवा धरून फिरवा. काकू शिक्षिका आहेत. वर्गात पोरांना नकाशा जमिनीवर पसरून उत्तर दिशा जुळवायला त्यांनी सांगितलंच असणार. इथंही तेच करायचं.

वारणाकाठ

ह्या सगळ्या हुशार गोष्टी बरोबर हाईत. पण चुकल्यावर काय करायचं ते कुणी लिवलं न्हाई. माझी आई पंधरा वर्सं वारी करती. लाखो माणसात ती चुकत न्हाई असं न्हाई, चुकती. पण तिला तिच्या दिंडीचा नंबर पाठ आसतो, दिंडी रथाच्या फुडं का मागं ते पाठ आसतं, आन आजचा मुक्काम कुठं ते पाठ आसतं. चुकली की ती शोधत हिंडत न्हाई. मुक्कामाला जाती आन बसती. तिला सापडायचं काम बाकीच्यांचं.

तुमच्या आप्पांनी आन आईनी दोघांनी शोधायला सुरवात केली तितंच घोळ झाला. एकानं बसायचं, एकानं हिंडायचं, हे घरातनं निघतानाच ठरवून ठेवा. आमच्यात ठरल्यालं हाय. आई बसती, बाबा हिंडतो.

मिरजकर

वारणाकाठ, हे सगळ्यात मोलाचं. वडिलांना आजच सांगतो.

हरिपूररोड

तुम्हा सगळ्यांचं लिखाण मी छापून काढलं आणि काल आईसमोर ठेवलं. नकाशावाली ताईंचा भाग तिनं दोनदा वाचला. काही बोलली नाही. मग रात्री जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

मी तिला म्हटलं, कुणी पाहुणा आला आणि देवळापासून सराफ कट्ट्यावर जायचं म्हणाला, तर तू कसं सांगशील, एका कागदावर लिही. तिनं लगेच लिहिलं. वाचून मी थबकलेच. सुरुवातच अशी होती, "नदीकडे पाठ करून उभे राहा."

तिच्या त्या कागदावर एकाही दुकानाचं नाव नव्हतं. नदी, देऊळ, चौक, आणि मग पेठा. धान्याची कुठली, कापडाची कुठली, सोन्याची कुठली. मी विचारलं, दुकानांची नावं का नाही घातलीस? ती म्हणाली, "अगं, दुकानं काय, आज आहेत उद्या नाहीत. पेठ कुठं जाते?" दादांनी जे लिहिलं ते तिला आधीपासून माहीत होतं. फक्त तिकडं गेल्यावर तिला नदी सापडली नव्हती. काचेच्या त्या पेटीत नदीकडे पाठ करून उभं राहायला जागाच नव्हती.

तर आम्ही ठरवलंय. पहिल्या फेरीत खरेदी नाही, मुलं नाहीत, घाई नाही. भाऊ, आई आणि आप्पा तिघांनीच सकाळी लवकर, गर्दी नसताना जायचं. मॉलमध्ये आधी नदी शोधायची, मग पेठा.

करामा_ते_कुपवाड

ताई, हे फार आवडलं. सकाळची वेळ अगदी योग्य. शनिवार-रविवार टाळा, इथं २०२२ पासून सुट्टी त्या दोन दिवशी असते आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि काकूंना सांगा, पेठा आहेत इथं. दुबई मॉलमध्ये सोन्याच्या दुकानांचा भाग वेगळा आहे, महागड्या कपड्यांचा वेगळा, खाण्याची जागा वरच्या मजल्यावर बर्फाच्या मैदानाजवळ.

हरिपूररोड

दोन महिन्यांनी लिहितेय. आई-आप्पा पोचले, वहिनीला मुलगी झाली, सगळे ठीक आहेत.

बाळंतपणाआधीच्या आठवड्यात ते दुबई मॉलला जाऊन आले. आईनं तिकडून मला आवाजाचे निरोप पाठवले, एकूण सात. ते ऐकून इथं लिहितेय.

नदी म्हणून तिनं मत्स्यालयच धरायचं ठरवलं होतं, पण तिथं गेल्यावर मन बदललं. तिचं म्हणणं असं, की मत्स्यालय लांबचलांब आहे, माणसं काचेला चिकटून उभी असतात, त्यात आपलं माणूस पटकन दिसत नाही. धबधबा बरा. पाण्याचा आवाज येतो, आणि मजला चुकला तरी वरून खालून दिसतो. मग तिनं धबधब्याकडे पाठ केली आणि उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय ते वहीत लिहिलं. शाळेची शंभर पानी वही नेलीय तिनं. सोन्याच्या दुकानांच्या भागाला वहीत नाव दिलंय सराफ कट्टा. महागड्या कपड्यांचा भाग, कापड पेठ. खाण्याची जागा, स्टँड. (आमच्याकडे बाहेरचं खायचं म्हणजे एसटी स्टँडवर.) आप्पांना आता ती "कापड पेठेच्या तोंडाशी थांबा" असं सांगते आणि ते बरोबर तिथं थांबतात.

वारणाकाठ, तुमचा नियम घेतला. आमच्यात आई बसते, आप्पा हिंडतात. एकदा तशी वेळ आली. खाण्याच्या जागी आप्पा पाणी आणायला गेले आणि गर्दीत दिसेनासे झाले. आई उठली नाही. घड्याळ बघितलं, भावाला एक फोटो पाठवला, मागं बर्फाचं मैदान दिसेल असा, आणि बसून राहिली. अकरा मिनिटांनी आप्पा आले. निरोपात ती सांगतेय, "मला घाम फुटला होता गं, पण मी उठले नाही."

एक गोष्ट आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, ती लिहून ठेवते. परत निघताना खांबाचा फोटो होता, पार्किंगचं नावही पाठ होतं, पण भावानं मधल्या वेळात गाडी दुसरीकडे नेऊन लावली होती. बाळाचं सामान घ्यायला तो बाहेर गेला होता. गाडी हलवली की नवा फोटो पाठवायचाच, हे आता त्याच्यासाठी वहीत लिहिलंय, आईच्या अक्षरात.

अजिंक्यतारा

अभिनंदन ताई, नातीचं आणि वहीचंही. आमचे काका पुढच्या महिन्यात टोरांटोला निघालेत. काकूंच्या वहीतल्या पहिल्या पानाचा फोटो मिळेल का? त्यांना तसंच पान करून देतो.

हरिपूररोड

फोटोत घरचा पत्ता आणि नंबर आहेत, म्हणून तो देत नाही, पानावरचं इथं उतरवते. आईनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, चष्मा नसला तरी वाचता यावं म्हणून. एका बाजूला मराठी, मागं तेच इंग्रजीत, गार्डला दाखवायला.

"मी माझ्या मुलाकडे आले आहे. त्याचा नंबर खाली दोन प्रकारे लिहिला आहे. कृपया त्याला फोन लावून द्या. मला हिंदी येते. मी आत्ता मजला ____ वर आहे. आमची गाडी ____ पार्किंगमध्ये, खांब ____ ला आहे. मी इथेच बसून राहीन."

रिकाम्या जागा पेन्सिलीनं भरायच्या, दर वेळी खोडून. शेवटचं वाक्य आधी नव्हतं, आप्पा सापडले त्या दिवशी रात्री तिनं घातलं. तुमच्या काकांना पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही द्या. आईचं खोडरबर गाडीत राहिलं होतं.